थरथरत्या हातांची कापणी

दसरा सरला की महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक वास येतो. कापलेल्या भाताचा, उन्हात वाळणाऱ्या पेंढ्याचा, आणि त्याच्या तळाशी अजून पुरता न सुकलेल्या चिखलाचा. दुपारी ऊन असं तापतं की डोकं भणभणतं, पण सकाळी गांधारी नदीच्या पात्रावर धुक्याचा पातळ पदर असतो आणि स्कूटर चालवताना बोटं गार पडतात. परवा नाते गावाला जाताना हेल्मेटच्या काचेखालून तो वास आत आला. मला उशीर झाला होता, तरी मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ उभी राहिले. चार वर्षांपूर्वीचे ते दिवस त्या वासाला अजून चिकटून आहेत.

मी व्यसनमुक्तीचं काम करते. लोकांशी बोलणं, त्यांच्या घरच्यांशी बोलणं, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर पोटात जातात का ते बघणं, आणि बराचसा वेळ नुसतं बसून राहणं, असं ते काम आहे. महाडात आमची दोन खोल्यांची जागा आहे. मंगळवारी मी पोलादपूरला जाते आणि गुरुवारी नात्याला. नात्यातली खोली एका वापरात नसलेल्या भातगोदामाला लागून आहे. एक टेबल, तीन खुर्च्या, वजनकाटा, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि कुलपाचं कपाट. पंधरा दिवसांतून एकदा डॉक्टर येतात. सुरुवातीला दारावर ‘व्यसनमुक्ती केंद्र’ असा मोठा फलक लावला होता. तीन महिने त्या दाराशी कोणी फिरकलं नाही. लोक समोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचे. मग रामदासदादांनी स्टुलावर चढून तो फलक उतरवला आणि ‘आरोग्य सल्ला’ असा छोटा फलक लावला. गुडघे दुखतात म्हणून माणसं येऊ लागली. गुडघ्यावर बोलून झालं, की उठता उठता दाराशी थांबून खरं काय ते सांगायची.

रामदासदादांचं हिरकणीवाडीत पिठलं-भाकरीचं दुकान. गड चढून उतरलेली माणसं तिथं जेवतात. दादा स्वतः चौदा वर्षं प्यायले आणि मग सोडली. मी भेटले तेव्हा त्यांना सोडून नऊ वर्षं झाली होती. आठवड्याच्या मधल्या दिवसांत गडावर गर्दी नसते, त्यामुळे गुरुवारी दुकान बायकोवर सोपवून ते आमच्याकडे येऊन बसत. त्यांनी कधी कुणाला दारू सोड म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते शेजारी बसायचे, एवढंच.

या भागातल्या घराघरांतलं कोणी ना कोणी मुंबईत असतं. तिथं पिऊन पिऊन नोकरी गेली, बायकोचा धीर सुटला, की माणसाला गावच्या गाडीत बसवून देतात. हवापालट होईल, शेतात राबेल, सुधारेल, असं सगळे म्हणतात. गावाला हवा चांगली असते हे खरं. पण गावठीही असते, आणि ती मुंबईपेक्षा जवळ मिळते.

बळीराम असाच आलेला होता. पण त्याच्याआधी आली ती त्याची वहिनी.

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी पन्नाशीची एक बाई दारात उभी राहिली. पायाला चिखल वाळलेला, हातात कापडी पिशवी, पिशवीतून दोन पडवळांची टोकं बाहेर आलेली. नात्याच्या वर डोंगरात पंधरा-वीस घरांची वाडी आहे, तिला वरचा कोंड म्हणतात. तिथून दीड तास चालून ती उतरली होती. नाव पार्वती. नवरा वारून सहा वर्षं झालेली. घरात ती आणि धाकटा दीर, दोघंच. तिनं गुडघ्याचं काही काढलं नाही. पडवळं टेबलावर ठेवली, खुर्चीत टेकली आणि म्हणाली, “बाई, अशी गोळी हाय का, आमटीत घातली नि त्याला कळलं नाय?”

हा प्रश्न मला नवा नव्हता. बायका तो नेहमी विचारतात, आया विचारतात, क्वचित एखादा बापही. मी तिला समजावलं. दारू सोडवणाऱ्या काही गोळ्या अशा असतात की त्या पोटात असताना माणूस प्यायला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. त्याला माहीत नसेल तर तो पिणारच. म्हणून न सांगता आम्ही कोणाला काही देत नाही.

“तसा बी मरतोच हाय तो,” ती म्हणाली. “गरवं भात उभं हाय माजं. हात थरथरतात त्याचे, इळा धरवत नाय. मी एकटी कुठं कुठं पुरी पडू?”

तेव्हा मी तिला माझ्या बाबांचं सांगितलं. का सांगितलं ते मला आजही नीट कळलेलं नाही. रुग्णांच्या घरच्यांना आपलं घर सांगू नये असं आम्हाला शिकवलेलं असतं. मी अकरावीत असताना माझी आई एका माणसाकडून कसल्याशा पुड्या आणायची. ती पावडर आमटीत ढवळायचं काम माझं होतं, कारण बाबा माझ्या हातचं मुकाट्यानं जेवायचे. एक दिवस त्यांनी मला ढवळताना पाहिलं. ते ओरडले नाहीत. ताट बाजूला केलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. त्यानंतर सात वर्षं, म्हणजे ते गेले तोवर, ते जेवायला बसले की आधी आमटीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. त्यांची दारू सुटली नाहीच. माझ्यावरचा विश्वास तेवढा सुटला.

पार्वतीवहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं तिला पटलं. पण ती उठली आणि म्हणाली, “मग तुमी हितं कशाला बसलाव?” आणि निघून गेली. पडवळं टेबलावरच राहिली. रामदासदादा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होते. ते म्हणाले, “बरोबर बोलली ती. पुढल्या गुरवारी आपण वर जाऊ.”

पुढच्या गुरुवारी आम्ही वर गेलो. वाट रानातून चढते. तेरड्याची फुलं गळून नुसत्या कोरड्या काड्या उरल्या होत्या, गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलं होतं आणि दर वळणावर दरीतून कापणीची चाहूल येत होती. कोंड म्हणजे डोंगराच्या कुशीत खोदलेल्या पायऱ्या, एकेका पायरीवर एकेक चिंचोळं खाचर. लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं होतं. उशिरा येणारं गरवं पिकून झुकलं होतं आणि पार्वतीवहिनी एकटीच त्यात वाकली होती. तिनं आम्हाला पाहिलं, पण काम थांबवलं नाही.

बांधावर फणसाच्या सावलीत एक माणूस उकिडवा बसला होता. अंगात मुंबईचा इस्त्री मोडलेला शर्ट, डाव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली. तो बळीराम. वय बेचाळीस, दिसायला पंचावन्नचा. अठरा वर्षं मुंबईत एका छापखान्यात यंत्रावर होता. बायको मंदा आणि मुलगी तिथंच राहिल्या होत्या. मंदा एका पोळीभाजी केंद्रात कामाला जायची.

“दवाखान्यातनं आलाव?” त्यानं विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

“कापणी झाली की येतो.” हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की ते आधीच ठरवून ठेवलेलं असावं.

रामदासदादा त्याच्याकडे न बघता वहिनीला म्हणाले, “वैनी, दुसरा इळा हाय का?”

त्या दिवशी आम्ही समुपदेशन असं काही केलं नाही. दादांनी कापणी केली. मीही विळा मागून घेतला. मी महाडात वाढलेली, भात ताटात बघितलेलं. मी कापलेल्या जागी धसकटं वीतवीत उंच राहत होती. वहिनी मागून आली, बघून थांबली आणि म्हणाली, “बाई, ही कापणी हाय का हजामत?” त्या खाचरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं. बांधावर बळीरामही हसला, आणि हसू आवरायला त्यानं तोंडावर हात नेला तेव्हा तो हात कसा थरथरतो ते मी पाहिलं.

दुपारी भाकरी आणि सुकटीची चटणी होती. बळीरामनं पाण्याचा तांब्या उचलला आणि अर्धं पाणी शर्टावर सांडलं. सगळे दुसरीकडे बघू लागलो. रामदासदादा मात्र त्याच्याकडेच बघत म्हणाले, “मी दोन हातांनी धरायचो. तरी सांडायचं. सकाळी एक घोट पोटात गेला की मगच हात ऐकायचे माजं.”

बळीरामनं मान वर केली. “तुमी?”

“चौदा वर्षं.”

“मग?”

“मग काय. जेव आधी.”

असे तीन गुरुवार गेले. आम्ही चढायचो, थोडं कापायचो, जेवायचो, उतरायचो. माझ्या महिन्याच्या अहवालात त्या गुरुवारांसाठी लिहायला काही नव्हतं. पण दुसऱ्या गुरुवारी बळीराम पेंढ्या बांधायला उठला, आणि तिसऱ्या गुरुवारी जेवताना पार्वतीवहिनीनं हातातली भाकरी खाली ठेवली.

“भावजी,” ती म्हणाली, “एक सांगायचं हाय. मी ह्या बाईंकडं गेलते. तुमच्या आमटीत घालायला गोळी मागितली. त्यांनी दिली नाय.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. मला तिथं माझे बाबा बसलेले दिसत होते. खाली दरीत कुणीतरी बैलांना हाकत होतं.

“सांगितलंत ते बरं केलंत वैनी,” बळीराम म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “उघड देताव तर घेतो.”

पुढच्या आठवड्यात तो नात्याला उतरला. डॉक्टरांनी त्याला तपासलं. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम थांबली की शरीर बंड करतं. घाम येतो, उलट्या होतात, हात कापतात. कुणाकुणाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होतो, फीट येते, आणि तेव्हा दवाखाना जवळ नसेल तर माणूस हातचा जातो. डॉक्टरांचं मत त्याला महाडात भरती करावं असं होतं.

“दवाखान्यात नाय,” बळीराम म्हणाला. “मला तिथं घातलात तर मी पळेन. घरी काय ते करा.”

“आधी कधी फीट आली होती?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाय.”

“मुंबईत कधी भ्रम? नसलेलं काही दिसणं?”

“नाय वो.”

“बायकोला फोन करून विचारू का?” मी म्हणाले.

“तिला नको,” तो पटकन म्हणाला. “तिनं असं दहादा ऐकलंय. हसंल ती.”

मी तो विषय तिथंच सोडला. डॉक्टरांनी बराच विचार केला. तो दवाखान्यात येणार नाही आणि हा क्षण गेला तर पुन्हा खालीही येणार नाही, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. शेवटी घरी द्यायचं ठरलं. पाच दिवस कमी कमी होत जाणाऱ्या गोळ्या, वहिनीच्या ताब्यात. मी रोज वर जाऊन बघायचं. जरा काही वेगळं वाटलं की लगेच खाली आणायचं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी त्याला घाम फुटत होता, पण बोलत होता. छापखान्यातल्या शाईचा वास कसा पोटात बसतो ते सांगत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी अंगणात पोचले तेव्हा तो रचून ठेवलेल्या भाताच्या उडवीसमोर उभा राहून पेंढ्या उपसत होता. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

“वैनी, खेकडे काढा,” तो सांगत होता. “भातात खेकडे शिरलेत. सगळं खातील.”

मी हाक मारली. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मंदा, तू कवा आलीस?”

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, ताबडतोब आणा. वहिनीनं घरातली मोठी गोधडी आणली. शेजारच्या खाचरांतून चार पुरुष विळे टाकून आले. त्यातले दोघं बळीरामबरोबर रोज पिणारे. एकाच्या तोंडाला त्या सकाळीही वास होता. पण त्यांनी बांबूला गोधडीची झोळी बांधली, त्याला धरून आत निजवलं आणि खांद्यावर घेऊन ते उताराला लागले. त्या वाटेवर त्यांची पावलं मी कधी विसरणार नाही. पिणारा असो की न पिणारा, एकाचंही पाऊल घसरलं नाही.

पार्वतीवहिनी सगळ्यांच्या पुढं चालत होती. वाटेवर आलेल्या फांद्या विळ्यानं उडवत होती आणि मागं न बघता मोठ्यानं सांगत होती, “भावजी, आता ओढा आला. भावजी, आता उतार हाय. घाबरू नका. आता आंबा आला बगा.” झोळीतला माणूस खेकड्यांशी भांडत होता. तिचं त्याला ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. तरी तिनं वाटेतलं एकही झाड, एकही वळण त्याला सांगायचं सोडलं नाही. मी मागून धावत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की हे आपण केलं.

रस्त्याला एक टेम्पो उभा करून रामदासदादा थांबले होते. मी वरून फोन केला होता, हिरकणीवाडीहून तो घेऊन ते आधीच आले होते. अर्ध्या तासात आम्ही महाडच्या दवाखान्यात पोचलो. सलाईन लागलं, इंजेक्शनं दिली, आणि दुपारी त्याला झोप लागली. दोन दिवस तो बरळत आणि झोपत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले, छताकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि विचारलं, “गरवं कापलं का?” वहिनी तोपर्यंत एकदाही रडली नव्हती. ती खुर्चीवरून उठली आणि तोंड धुवायला गेली, ती बऱ्याच वेळानं आली.

त्या दिवशी त्याची परवानगी मागून मी मंदाला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. पलीकडे पोळ्या लाटण्याचा, भांड्यांचा आवाज होता. तो आवाज थांबला.

“त्यांना मागल्या साली दोन वेळा फीट आली होती,” मंदा म्हणाली. “हॉस्पिटलात अॅडमिट केलतं. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

तिचं लाटणं पुन्हा सुरू झालं. मग म्हणाली, “आता बरे हायत?”

“आहेत.”

“मग ठेवते. कामावर हाय मी.”

मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आपण दोघांनीही धरून विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. आमटीत पावडर लपवून मी वडिलांचा विश्वास गमावला होता, आणि तेव्हापासून स्वतःला काही न लपवणारी बाई समजून बसले होते. बळीरामनं लपवलेलं मला लपवू द्यायचं होतं, कारण त्यामुळे गोष्ट माझ्या मनासारखी पुढं सरकत होती. तेव्हापासून मुंबईला फोन केल्याशिवाय आम्ही कोणालाही गोळ्या सुरू केल्या नाहीत. माणूस नको म्हणाला तर का नको ते विचारत बसतो, अख्खी दुपार गेली तरी.

दहा दिवसांनी बळीराम घरी गेला. चढताना चार ठिकाणी बसला. अंगणातली उडवी नाहीशी झाली होती, खाचरं रिकामी होती. तो जागच्या जागी थबकला. मग वहिनीनं त्याला घरात नेऊन भात साठवायची कणगी दाखवली. कोंडातल्या माणसांनी त्यांचं गरवं कापून, झोडून, पाखडून भरून ठेवलं होतं. ज्यांनी झोळी वाहिली तेच चौघं त्यात पुढं होते. बळीरामनं कणगीत हात घातला, कोपरापर्यंत, आणि बराच वेळ तसाच ठेवला. हात अजून थोडा कापत होता. त्यानं मूठ भरून बाहेर काढली, भात मात्र सांडलं नाही.

जेवायला वहिनीनं ताट वाढलं. “ही आमटी, ह्यो भात, ही गोळी,” एकेका गोष्टीवर बोट ठेवत ती म्हणाली. “बगून घ्या.” तो हसला आणि त्यानं गोळी आधी घेतली.

त्या थंडीत तो दर गुरुवारी खाली यायचा. येताना कधी वाल, कधी रानातली करवंदीची सुकी काटकी चुलीला म्हणून आणायचा. आमचं एक माहितीपत्रक होतं, ते त्यानं हातात घेऊन उजेडात धरलं आणि म्हणाला, “ताई, छपाई सरकलीय. लाल रंग बगा, एक दोरा बाहेर हाय. आमच्याकडं असं गेलं असतं तर मालकानं उभं जाळलं असतं.” त्या दिवशी त्याच्या आवाजात मी पहिल्यांदा कामगार माणसाचा ताठा ऐकला.

मग शिमगा आला. मुंबईची माणसं गावाला आली, पालख्या निघाल्या, ढोल घुमले. आमच्या कामात शिमगा म्हणजे सर्वांत कठीण आठवडा. शिमग्यानंतरच्या शनिवारी मी महाडच्या खोलीत एकटीच होते. अकरा वाजता दार ढकलून बळीराम आत आला. तोंडाला वास होता. डोळे लाल होते. तो दाराशीच उभा राहिला.

“ताई, काल प्यालो,” तो म्हणाला. “सांगायला आलोय.”

इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कोणी आलेलं नव्हतं. पुन्हा प्यायलेली माणसं लपतात. वाट बदलतात, फोन उचलत नाहीत, आम्ही त्यांना शोधत फिरतो. मी त्याला बसायला सांगितलं.

“आज बी प्यायची होती,” तो बाकावर बसत म्हणाला. “म्हनून एस्टी पकडून हितं आलो. पाच वाजता परतीची गाडी हाय. तवर हितं बसू द्या मला. बोलायचं काय नाय.”

मी त्याला तपासायला डॉक्टरांना बोलावलं. एकाच दिवसाचं होतं, धोका नव्हता. मग मी माझं काम करत राहिले. तो बाकावर बसून माहितीपत्रकांच्या गठ्ठ्याच्या कडा जुळवत होता. जुळवायचा, टेबलावर ठोकायचा, पुन्हा जुळवायचा. मी रामदासदादांना फोनवर फक्त एवढंच सांगितलं की बळीराम आलाय. शनिवार होता, गडावर गर्दीचा दिवस. एक वाजता दादा डबा घेऊन हजर झाले. दोघं बाकावर बसून पिठलं-भाकरी जेवले. त्यानंतर पाच वाजेपर्यंत ते शेजारी शेजारी बसून होते. दोनदा चहा झाला. बोलणं असं झालंच नाही. दादा एकदा म्हणाले, “मी पहिल्या शिमग्याला घसरलो होतो,” आणि बळीराम म्हणाला, “हां.” पाचला दादांनी त्याला गाडीत बसवून दिलं.

आम्हाला दर तिमाहीला एक तक्ता भरून पाठवावा लागतो. किती आले, किती जणांनी सोडली, किती पुन्हा प्यायले. त्या तक्त्यात बळीराम पुन्हा प्यायलेल्यांत गेला. नियमानं तेच बरोबर होतं. पण सेवा पोचवणं म्हणतात ते नेमकं काय, असं मला कुणी विचारलं तर मला ते गोळ्यांचं कपाट आठवत नाही. एक बाक आठवतो, आणि त्यावर पाच वाजायची वाट बघत बसलेली दोन माणसं. त्यानंतर आणखी एकदा, पुढच्या पावसाळ्यात, बळीराम असाच आला आणि असाच बसून गेला. त्यानंतर तो प्यायलेला नाही, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली.

मंदा या सगळ्या काळात आली नाही. मी तिला दोष दिला नाही, बळीरामनंही नाही. तो दर रविवारी मुलीशी बोलायचा. मंदा फोन मुलीच्या हातात द्यायची आणि स्वतः बाजूला व्हायची. यंदाच्या मे महिन्यात ती मुलीला घेऊन चार दिवस आली, वहिनीजवळ झोपली आणि गेली. आणि परवा मी वरच्या कोंडावर गेले तेव्हा ती बांधावर उभी होती. कापणीसाठी म्हणून आठ दिवसांची सुट्टी काढून आली होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. फोनवर एवढे वेळा ऐकलेला आवाज, पण माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. बारीक, उभट चेहरा, हाताला तव्याचे जुने चटके.

खाली खाचरात बळीराम कापत होता. वहिनी मागून पेंढ्या बांधत होती. मंदा त्यांच्याकडे बघत उभी होती.

“ताई,” ती म्हणाली, “टिकतील का हे असेच?”

लोक हे विचारतात तेव्हा द्यायची उत्तरं मला पाठ आहेत.

“माहीत नाही, मंदा,” मी म्हणाले. “आज आहेत.”

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती दुखावली. “मुंबईत तीन-चार ठिकाणी नेलं मी त्यांना,” ती म्हणाली. “सगळे सांगायचे, शंभर टक्के बरा होईल, गॅरंटी. मी प्रत्येक वेळी धरून चालले.” ती पुन्हा खाचराकडे बघू लागली. “माहीत नाय म्हणणाऱ्या तुमी पहिल्याच.”

मग तिनं कमरेला खोचलेला फोन काढला आणि नंबर लावला.

“हॅलो, मी मंदा. सोमवारी नाय येत हां मी. नाय, सगळं बरं हाय. गरवं अजून उभं हाय आमचं. पंधरा दिवस धरा.”

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. तिनं ते ऐकून घेतलं, “बघा मग तुमी,” एवढं म्हणाली आणि फोन ठेवला. बांधावर पडलेला विळा उचलला, पदर खोचला आणि खाचरात उतरली. बळीरामनं मान वर केली नाही. तो कापता कापता हातभर बाजूला सरकला, आणि तिच्यापुरती जागा झाली.